भिंत जिथे स्लॅबला मिळते: पनवेलची दमट हवा आणि घराचे सांधे

घर बांधताना किंवा विकत घेताना भिंतीची जाडी, खोल्यांचे क्षेत्रफळ, फरशीचा दर्जा आणि रंगाची छटा यांची बारकाईने चौकशी केली जाते. परंतु भिंत जिथे छताला मिळते, खिडकीची चौकट जिथे विटेला टेकते आणि एक मजला संपून दुसरा जिथे सुरू होतो, त्या सांध्यांविषयी क्वचितच कोणी विचारते. वास्तविक ऊन, पाऊस आणि दमटपणा यांना घरात शिरण्यासाठी सर्वांत सोपी वाट मिळते ती याच ठिकाणी. सलग भिंतीतून उष्णता आणि ओल सावकाश झिरपतात, तर सांध्याच्या फटीतून त्या हवेबरोबर किंवा पाण्याबरोबर थेट आत येतात. म्हणूनच घर कोरडे आणि सुसह्य राहील की नाही, हे मोठ्या प्रमाणात सांध्यांवर ठरते, आणि पनवेलसारख्या गावात तर विशेषकरून ठरते.

एका बाजूस माथेरान-प्रबळगडाचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूस खाडी यांच्यामध्ये पनवेल वसले आहे. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत देशाचे उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड असे पाच हवामान-विभाग केलेले आहेत, आणि मुंबईसह ही सारी किनारपट्टी उष्ण-दमट विभागात मोडते. १८५२ साली नगरपालिका झालेल्या आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झालेल्या या शहरात घरांच्या तीन पिढ्या शेजारी शेजारी नांदतात. जुन्या पनवेलमध्ये तळ्यांच्या आणि बाजारपेठेच्या आसपास उरलेली कौलारू, कडीपाटाची घरे ही पहिली पिढी. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवीन पनवेल आणि कळंबोली येथे उभारलेल्या बैठ्या व चार-पाच मजली इमारती ही दुसरी. आणि खारघर-कामोठ्याचे उंच मनोरे ही तिसरी. तिन्ही पिढ्यांचे सांधे वेगळे आहेत, त्यामुळे त्यांचे दुखणे आणि उपायही वेगळे आहेत.

थंड देशांतील काठाची फळी

सांधे बंद करण्याच्या शास्त्राचा पुष्कळसा विकास थंड देशांत झाला. अमेरिका आणि कॅनडा येथील बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्याची असतात. तेथे काँक्रीटच्या पायाच्या भिंतीवर एक आडवी लाकडी पट्टी बसवून तिच्यावर तळमजल्याच्या कड्या, म्हणजे जमीन पेलणारी आडवी लाकडे, ठेवतात आणि या कड्यांची टोके बाहेरच्या बाजूने एका सलग फळीने झाकतात. या काठाच्या फळीला तेथे ‘रिम जॉइस्ट’ म्हणतात. भिंतीत उष्णतारोधक थर भरलेला असतो, पाया जाड असतो, परंतु या दोहोंमधल्या पट्ट्यात बाहेरची गोठवणारी थंडी आणि आतली ऊब यांच्यामध्ये जेमतेम दीड इंच लाकूड असते, आणि काँक्रीट, पट्टी व फळी यांच्यामधल्या फटींतून वारा खेळतो. हिवाळ्यात घरातली गरम हवा हलकी होऊन वरच्या मजल्यावरून निसटते आणि तिची जागा घेण्यासाठी बाहेरची थंड हवा खालच्या फटींतून खेचली जाते. या खेचण्याचा पहिला मार्ग म्हणजे ही काठाची फळी.

पूर्वी तेथे कड्यांमधल्या खणांत काचतंतूंच्या गाद्या नुसत्या कोंबून ठेवत असत. काचतंतू उष्णता अडवतात, मात्र हवा अडवत नाहीत. त्यामुळे घरातली बाष्पयुक्त हवा गादीतून पलीकडे जाऊन थंड फळीला भिडते, तिथे तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि गादीआड लाकूड नकळत कुजत जाते. यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक खणात ताठ फोमचा तुकडा मापाने कापून बसवायचा आणि त्याच्या चारही कडा फुगणाऱ्या फोमने किंवा सीलंटने हवाबंद करायच्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जेची काटकसर हा गंभीर विषय झाला, आणि १९७७ साली कॅनडातील रेजायना शहरात उभारलेल्या सस्कॅचेवान कॉन्झर्वेशन हाऊस या प्रायोगिक घराने जाड उष्णतारोधनाइतकेच महत्त्व हवाबंद सांध्यांना दिले. उष्णता अडवणे आणि हवा अडवणे ही दोन स्वतंत्र कामे असून एक करून दुसरे आपोआप साधत नाही, हा त्या अनुभवाचा सार सर्व हवामानांत लागू पडतो. बाकीची कृती मात्र पनवेलमध्ये जशीच्या तशी उतरवता येत नाही.

दिशा उलटी आहे

त्याचे कारण बाष्पाच्या दिशेत आहे. थंड देशात ओलसर हवा घराच्या आत असते आणि ती बाहेर पडताना थंड पृष्ठभागाला भिडते. पनवेलमध्ये ओलसर हवा बाहेर असते आणि वातानुकूलित खोलीत शिरताना तिला थंड पृष्ठभाग भेटतो. हवेचे तापमान ज्या अंशापर्यंत उतरले असता तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते, त्याला दवबिंदू म्हणतात. पावसाळ्यातल्या ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. खोली २४ अंशांवर थंड केलेली असेल, तर बाहेरून फटीतून आलेल्या हवेच्या दृष्टीने त्या खोलीतली भिंत, कपाटाची पाठ आणि खिडकीची काच हे सारे दवबिंदूपेक्षा थंड पृष्ठभाग ठरतात, आणि थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटावा तसे त्यांच्यावर पाणी जमू शकते. एसीच्या खोलीत नेमकी फटीजवळची पट्टी काळवंडते आणि तिथे बुरशीचे ठिपके उमटतात, याचे हे एक प्रमुख कारण होय.

या ओलीची किंमत विजेच्या बिलातही मोजावी लागते. वर सांगितलेल्या बाहेरच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. २४ अंश तापमान आणि ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या खोलीतल्या तेवढ्याच हवेत ते सुमारे १२ ग्रॅम असते. म्हणजे फटीतून आत आलेल्या प्रत्येक घनमीटर हवेतून यंत्राला सुमारे १२ ग्रॅम पाणी पिळून काढावे लागते. बाष्पाचे पाणी होताना त्यातली अप्रकट उष्मा बाहेर पडते, आणि ती काढून घेण्याचे काम एसीलाच करावे लागते. हिशेब केला तर त्या हवेचे तापमान ६ अंशांनी उतरवण्यासाठी सुमारे ७ किलोज्यूल, तर तिच्यातले बाष्प काढण्यासाठी सुमारे ३० किलोज्यूल उष्णता हलवावी लागते. म्हणजे कोरडे करण्याचे काम थंड करण्याच्या कामाच्या चौपट असते. ३० घनमीटरांच्या शयनगृहातील हवा फटींवाटे तासाला एकदा बदलत असेल, तर रात्रीच्या ८ तासांत यंत्राला जवळपास ३ लिटर पाणी केवळ त्या हवेतून काढावे लागते. थंड देशात फट ही मुख्यतः उष्णतेची गळती असते, तर कोकणात ती त्याहून अधिक ओलीची गळती असते.

यातूनच आणखी एक फरक निघतो. बाष्प अडवणारा थर थंड देशात भिंतीच्या आतल्या बाजूस लावतात. पनवेलमध्ये तसे करणे अंगाशी येते, कारण पावसाने भिजलेली वीट ऊन पडले की वाळताना आपली ओल आत आणि बाहेर अशा दोन्ही बाजूंना सोडते. तिच्या आतल्या बाजूस प्लॅस्टिकचा वॉलपेपर, जाड ऑइलपेंट किंवा भिंतीला घट्ट चिकटवलेली लॅमिनेटची फळी असेल, तर ओल तिथेच कोंडते आणि बुरशी दिसायच्या आधी वास येऊ लागतो. इथे पाणी अडवणारा थर बाहेर हवा आणि आतली बाजू श्वास घेणारी हवी.

कडीपाटाची टोके

काठाच्या फळीशी सर्वांत जवळचे नाते सांगणारा पनवेलमधला सांधा जुन्या घरांत सापडतो. कडीपाटाच्या घरात लाकडी कड्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत किंवा तुळईपर्यंत टाकलेल्या असतात आणि त्यांच्यावर पाट, म्हणजे फळ्या, ठोकून वरच्या मजल्याची जमीन केलेली असते. कडीचे टोक भिंतीत रुतलेले असते, आणि घराचे आयुष्य पुष्कळदा त्या न दिसणाऱ्या वीतभर टोकावर अवलंबून असते. लाकडाचे तंतू टोकाशी उघडे असल्यामुळे ते तिथून पाणी सर्वांत जलद शोषते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. भिंत वर्षानुवर्षे ओली राहिली तर तो त्या मर्यादेपलीकडे जातो, आणि कुजक्या लाकडाची वाट वाळवीलाही लवकर सापडते.

अशा घराच्या दुरुस्तीत कडीभोवतीचे भोक सिमेंटने घट्ट लिंपून टाकण्याची किंवा तिथे फुगणारा फोम भरण्याची पद्धत घातक आहे. सिमेंटचा कडक थर आणि फोम हे दोन्ही टोकाला वाळू देत नाहीत. टोकाच्या बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवणे, उघडे पडलेले लाकूड कीड-बुरशीरोधक द्रव्याने माखणे, आणि मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करणे हा सुरक्षित मार्ग आहे. कारण चुना पाण्याची वाफ बाहेर जाऊ देतो. त्याआधी पाणी येते कुठून ते शोधले पाहिजे. बहुतेक वेळा वळचण आखूड पडलेली असते, पन्हळ गळत असते किंवा वरची कौले सरकलेली असतात.

कौलारू छप्पर आणि भिंत यांच्यामधली फट हा तर दोष नसून योजना आहे. कौलांखाली तापलेली हवा त्या फटीतून आणि कौलांच्या सांध्यांतून निसटते, आणि ओटी-पडवीच्या सावलीतली हवा तिची जागा घेते. ही फट बुजवली तर घर कोंदट होते. तेथे उंदीर-पाखरांसाठी जाळी बसवणे पुरेसे असते. वासे, पाट आणि भिंत यांची घट्ट बांधणी मात्र अत्यावश्यक आहे, कारण ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडवले. त्या सांध्यातून हवा खेळावी, परंतु त्याची पकड ढिली असू नये.

स्लॅबची उघडी कड

काँक्रीटच्या इमारतीत लाकडी कडी नसते, पण तिच्या जागी दुसरा तसाच कमजोर पट्टा असतो. प्रत्येक मजल्यावर स्लॅबची कड आणि तिच्याखालचा बीम बाहेरच्या भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत येतात. काँक्रीटची उष्णतावाहकता भाजलेल्या विटेच्या जवळपास दुप्पट असते, आणि हल्ली वापरल्या जाणाऱ्या हलक्या एएसी ब्लॉकच्या तुलनेत ती आठ-दहा पट भरते. त्यामुळे भिंत चांगल्या ब्लॉकची असली तरी बीमचा पट्टा उन्हाची उष्णता आत वाहून आणतो. अशा पट्ट्याला उष्णतेचा पूल म्हणतात. स्लॅबला जोडून काढलेला छज्जा खिडकीला सावली देतो आणि पावसापासून वाचवतो, तरी तोही तापून आपली उष्णता स्लॅबकडे पाठवतो. या पट्ट्यावर पश्चिम आणि दक्षिण बाजूस बाहेरून उष्णतारोधक थर देणे, किंवा निदान फिकट, ऊन परतवणारा रंग लावणे उपयुक्त ठरते.

याच पट्ट्याखाली चीरही पडते. सांगाडा आधी उभा राहतो आणि विटा नंतर भरल्या जातात. बीमच्या पोटाखालचा शेवटचा थर घाईत, तुकडे आणि मसाला कोंबून पुरा केला जातो, मसाला वाळून आकसतो आणि बीमखाली आडवी भेग उमटते. म्हणून वीटकाम पुरते बसल्यावर काही दिवसांनी शेवटचा थर भरणे आणि वीट व काँक्रीट यांच्या सांध्यावर प्लास्टरखाली चिकन मेश, म्हणजे तारेची जाळी, ठोकणे ही चांगल्या कामाची खूण मानली जाते.

सर्वांत वरच्या मजल्यावर या भेगेला उन्हाची जोड मिळते. तापल्यावर काँक्रीट प्रसरण पावते; २० मीटर लांबीची गच्ची दुपार आणि पहाट यांच्यामध्ये २५ अंशांनी तापून निवत असेल, तर तिच्या लांबीत सुमारे साडेपाच मिलिमीटरांचा फरक पडतो. स्लॅब हलतो आणि खालची भिंत तितकी हलत नाही, त्यामुळे दोहोंच्या सांध्यात दर वर्षी बुजवलेली भेग दर वर्षी उघडते. तिच्यात सिमेंट भरणे व्यर्थ आहे, कारण सिमेंट ताणले जात नाही. तिथे भेग थोडी रुंद करून, साफ करून, ताण सोसणारे पॉलियुरेथेनसारखे सीलंट भरावे लागते. मूळ उपाय याहून वरचा आहे: गच्चीवर ब्रिकबॅट कोब्याखाली, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थराखाली, ताठ फोमचा थर आणि वर पांढरी चायना मोझॅक दिली, तर स्लॅब कमी तापतो, कमी हलतो आणि सांधा टिकतो. कठडा आणि गच्ची यांच्या कोपऱ्यातला गोलसर वाटा फुटला असेल तर तोही याच वेळी दुरुस्त केला पाहिजे. इथे उष्णता अडवणे आणि सांधा राखणे ही दोन कामे एकमेकांना पूरक ठरतात.

खिडकी, दार आणि नळीचे भोक

राहत्या घरात सहज हात घालता येण्याजोगे सांधे म्हणजे खिडकी, दार आणि एसीच्या नळ्यांसाठी पाडलेले भोक. सव्वा मीटरच्या चौरस खिडकीभोवती केवळ दोन मिलिमीटरांची फट राहिली, तर तिचे एकूण क्षेत्र १०० चौरस सेंटीमीटर होते, म्हणजे भिंतीला दहा सेंटीमीटर लांबी-रुंदीचे भोक ठेवल्यासारखेच. दाराखालची एक सेंटीमीटरची फट जवळपास तितकीच भरते. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमधली झिजलेली ब्रशपट्टी बदलणे, दाराखाली ब्रश किंवा रबराची पट्टी लावणे, आणि चौकट व भिंत यांच्यामध्ये बाहेरून सिलिकॉन भरणे ही कमी खर्चाची कामे आहेत. तांब्याच्या नळ्यांभोवतीचे भोक आतून आणि बाहेरून दोन्हीकडून बंद करावे, आणि नळ्या बाहेरच्या बाजूस किंचित उताराने बसवाव्यात. फुगणारा फोम उन्हात भुसभुशीत होतो आणि आग लागल्यास सहज पेट घेतो, त्यामुळे तो उघडा न ठेवता प्लास्टरने झाकणे आवश्यक असते.

उंच मनोऱ्यांत पावसाचा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १५ मीटर वेगाचा झोत खिडकीवर सुमारे १३५ पास्कल दाब देतो, आणि तेवढा दाब पाण्याला ट्रॅकमध्ये १४ मिलिमीटरपर्यंत उचलून धरू शकतो. ट्रॅकची आतली कड त्याहून उंच नसेल तर पाणी खोलीत येते. ट्रॅकला बाहेरच्या बाजूने ठेवलेली लहान भोके हे पाणी बाहेर जाऊ देण्यासाठीच असतात. गळती थांबवण्याच्या नादात ती सिलिकॉनने बुजवली जातात आणि गळती वाढते.

काय बंद करू नये

हवाबंद करण्याचा नियम फक्त वातानुकूलित खोलीला आणि फक्त ती थंड करण्याच्या काळात लागू आहे. पंख्यावर चालणाऱ्या घराला या हवामानात वारा हेच मुख्य औषध आहे, कारण दमट हवेत घाम सुकण्यासाठी अंगावरून हवा फिरावी लागते. ऊर्जा दक्षता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या इको निवास संहितेत म्हणूनच उष्ण-दमट विभागातील घरांसाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एकषष्ठांश, ठेवले आहे. पाचही विभागांत हे प्रमाण सर्वाधिक आहे. त्याच संहितेने छतातून प्रत्येक चौरस मीटरमागे, दर अंश फरकाला, १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता येऊ नये अशी मर्यादा घातली आहे. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून याच्या दुपटीहून अधिक उष्णता येते.

जिथे ज्वाला पेटते तिथली हवा अडवणे जिवावर बेतू शकते. न्हाणीघरात गॅस गिझर असेल, तर बंद जागेत प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड हा रंग आणि वास नसलेला विषारी वायू तयार होतो. तिथला झरोका कोणत्याही कारणाने बुजवू नये, आणि गिझर शक्य तर न्हाणीघराबाहेर हवेशीर जागी बसवावा. स्वयंपाकघरात सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, तर पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्यामुळे छताकडे जातो. म्हणून तिथे वर आणि खाली दोन्हीकडे हवेला वाट हवी. शयनगृहातला स्प्लिट एसीही खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. फटी बंद केल्यावर दिवसातून काही वेळ, विशेषतः पाऊस थांबलेल्या कोरड्या दुपारी, खिडक्या पूर्ण उघडणे आरोग्यासाठी आवश्यक ठरते.

या साऱ्यातून कामाचा क्रम स्पष्ट होतो: आधी पाणी बाहेर ठेवावे, नंतर ऊन अडवावे, त्यानंतर फक्त थंड करायच्या खोलीची हवा राखावी, आणि ज्वाला व माणसे यांच्या श्वासाची वाट कधीही बंद करू नये. सीलंट कोरड्या पृष्ठभागावरच धरते, त्यामुळे गच्चीचा वाटा, स्लॅबखालची भेग आणि खिडकीची चौकट यांची तपासणी एप्रिलमध्ये आणि दुरुस्ती मे संपण्याआधी झाली पाहिजे. पनवेलच्या गृहनिर्माण संस्थांनी दर काही वर्षांनी रंगावर होणाऱ्या खर्चाआधी सांध्यांचा खर्च धरावा, आणि जुन्या घरांच्या मालकांनी कडीच्या टोकावर सिमेंटचा थापा मारण्याआधी एकदा जाणत्या सुताराला ते टोक दाखवावे.